दुखणे थांबले म्हणजे बरे झाले काय?

वाचकहो, बैलाचा खांदा आलेला तुम्ही पाहिला असेल. जू घासून मानेवर जखम होते, ती चिघळते, मग हळद-तेल लावून बैल आठ दिवस बांधून ठेवला की वर खपली धरते. पण जाणता शेतकरी खपली दिसली म्हणून बैल लगेच औताला जुंपत नाही. तो अंगठ्याने भोवती दाबून पाहतो. आत पू असला तर बैल मान झटकतो. वरून कोरडे दिसते ते आतून भरलेले असेलच असे नाही, हे त्याला कोणी पुस्तकातून शिकवलेले नसते.

आज ज्या रोगाचा इतिहास मला सांगायचा आहे, त्याची सारी अडचण एवढीच, की तिथली जखम आतड्याच्या आत असते आणि अंगठा तिथवर पोचत नाही. डॉक्टर मंडळी त्याला क्रोन्स डिसीज म्हणतात. आपण क्रोनचा रोग म्हणू. मी इतिहासाचा अध्यापक. वैद्यकाशी माझे नाते रोग्याच्या मामाचे, एवढेच. माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलाला हा रोग आहे. त्याच्यापायी दवाखान्यांच्या बाकांवर बसून बसून मी या विषयाची जुनी-नवी पुस्तके चाळू लागलो, आणि ध्यानात आले की इथेही एक इतिहास आहे, आणि तो मोठा मजेदार आहे. ‘रोगी बरा झाला’ हे ठरवायचे कोणी, रोग्याने, डॉक्टराने की आतड्याने, हा वाद सुमारे शंभर वर्षे चालला आहे.

आधी रोग काय आहे ते थोडक्यात सांगतो. आपले लहान आतडे सुमारे वीस फूट लांब असते. उजव्या कुशीत खाली, आंत्रपुच्छाच्या जवळ, ते मोठ्या आतड्याला मिळते. या संगमाची जागा क्रोनच्या रोगाला विशेष मानवते. तसा तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो. आतड्याला दाह होतो, व्रण पडतात. वीतभर भाग बिघडलेला, पुढचा हातभर भाग धडधाकट, पुन्हा थोडा बिघडलेला, अशी ठिगळे असतात. आणि हा दाह आतल्या अस्तरापुरता राहत नाही. भिंतीच्या सर्व थरांतून आरपार जातो. म्हणून कधी आतडे आकसून अरुंद होते आणि अन्न तुंबते, तर कधी भिंत पोखरून शेजारच्या आतड्यात किंवा थेट कातडीपर्यंत वाट पडते. गुदद्वाराशी अशी वाट पडली की लोक भगंदर म्हणतात आणि मूळ रोग वरच राहतो. हा रोग बहुधा ऐन तारुण्यात येतो. तो स्पर्शाने लागत नाही. शरीराची रक्षण करणारी यंत्रणाच आपल्या आतड्यावर उलटते, एवढे समजले आहे. ती का उलटते हे पुरते उकललेले नाही. समूळ घालवणारे औषध अजून नाही, पण रोग वर्षानुवर्षे दबून राहील अशी औषधे आहेत.

शिक्षक बंधुभगिनींसाठी इथे एक गोष्ट सांगून ठेवतो. लहान वयात हा रोग झाला तर कधी कधी पोटदुखीपेक्षा वाढ खुंटणे हीच पहिली खूण असते. वर्गातला मुलगा सोबत्यांपेक्षा उंचीने मागे पडत चालला, वजन वाढेना, तासाला दोनदा बाहेर जाऊ लागला, तर त्याला टंगळमंगळ करणारा ठरवण्यापूर्वी त्याच्या आईबापांना बोलावून घ्या.

आता इतिहासाकडे वळू. ग्लासगो शहरात केनेडी डॅलझील नावाचे शल्यवैद्य होते. त्यांनी १९१३ साली काही रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. पोट उघडल्यावर आतडे कसे दिसले, हे सांगताना त्यांनी मेल्यावर ताठरलेल्या वाम माशाची उपमा दिली आहे. कोकणातल्या वाचकांना ती पटकन पटेल. त्यांची दुसरी तुलना मात्र गोठ्यातली आहे. गाईगुरांना एक चिवट रोग होतो. जनावर चांगले खाते, तरी महिनोन् महिने पातळ हगवण लागते आणि ते झिजत झिजत हाडांचा सापळा होते. जर्मनीतल्या जोन या पशुवैद्याच्या नावाने तो ओळखला जातो. त्याचे जंतू क्षयाच्या जंतूंचे भाऊबंद आहेत. डॅलझील यांना आपल्या रुग्णांचे आतडे या जनावरांच्या आतड्यासारखे भासले. पण जंतू काही सापडले नाहीत. माणसाच्या आणि गाईच्या रोगाचे खरेच नाते आहे काय, यावर अजून खल चालू आहे. डॅलझील यांचा निबंध मात्र लोक विसरून गेले.

मग १९३२ साल उजाडले. न्यूयॉर्कच्या माउंट सिनाय रुग्णालयातील क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर या तिघांनी १४ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. शस्त्रक्रिया केलेले शल्यवैद्य होते बर्ग. पण त्यांनी निबंधावर आपले नाव घालू दिले नाही. उरलेली तीन नावे वर्णक्रमाने लावली, क्रोन यांचे पहिले आले, आणि रोगाला तेच चिकटले. बर्ग यांनी होकार दिला असता तर आज आपण बर्गचा रोग म्हणत असतो! नावाचीच आणखी एक गंमत आहे. आतड्याच्या शेवटच्या भागाचा दाह म्हणून त्यांनी आधी ‘टर्मिनल’ हा शब्द योजला होता. त्या शब्दाचा ‘मरणाला टेकलेला’ असाही अर्थ होतो, रोगी उगीच धसका घेतील, असे सभेत कोणी सुचवले, म्हणून तो बदलला.

त्या काळी रोगाचा जोर ओळखायचा कसा? ताप पाहायचा, वजन करायचे, उजव्या कुशीत हात ठेवून गाठ लागते का ते चाचपायचे. क्ष-किरण हाताशी होते. रोग्याला बेरियमचे पांढरे पाणी पाजून चित्र काढत. १९३४ साली कँटर यांनी दाखवून दिले, की रोगट भागातून ते पाणी जाताना चित्रात सुताच्या दोऱ्यासारखी बारीक रेघ उमटते. पण ही रेघ म्हणजे आतड्याच्या पोकळीची सावली. भिंत सुजून वाट अरुंद झाली की जुनी जखम भरून आकसली, हे सावली सांगत नाही. सूज औषधाने उतरते आणि वण उतरत नाही, हा फरक तर रोग्याच्या जिवाशी निगडित. त्यामुळे शेवटी भिस्त रोग्याच्या बोलण्यावर आणि डॉक्टराच्या अंदाजावर असे.

१९५६ साली तर हा रोग अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्याच पोटात निघाला. आयझेनहॉवर यांचे आतडे जून महिन्यात अकस्मात तुंबले आणि मध्यरात्रीनंतर त्यांच्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. रोगट भाग न कापता बाजूने वाट काढून दिली. लोकांना चिंता एकच: हे पुन्हा कचेरीत बसतील की नाही? ते बसले, नोव्हेंबरात निवडूनही आले, आणि १९५९ च्या डिसेंबरात भारतात येऊन गेले. माणूस हिंडतो-फिरतो म्हणजे बरा, हीच त्या काळची मोजपट्टी होती. आपल्या घराघरांतून ती अजून आहे.

पुढे कॉर्टिसोनच्या कुळातली औषधे आली. रोग्याला आठवडाभरात भूक लागू लागली, ताप उतरला. आणखीही औषधे पुढे आली. मग कोणते अधिक गुणकारी, हे ठरवायचे तर काही मोजमाप हवे. दहा गावचे दहा डॉक्टर ‘बरा आहे’ म्हणतील, पण दहा जणांचा ‘बरा’ एक नसतो. अमेरिकेत १९७० नंतर अनेक रुग्णालयांनी मिळून औषधांची मोठी परीक्षा आरंभली. त्या कामासाठी बेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली एक गुणपत्रिका तयार केली. ११२ रुग्णांच्या १८७ भेटींच्या नोंदींतून त्यांनी आठ बाबी निवडल्या. रोग्याने सात दिवस वही ठेवायची: रोज किती वेळा पातळ झाले, पोट किती दुखले, एकंदर कसे वाटले. त्यात वजन, रक्तातील तांबड्या पेशी, पोटातली गाठ, सांधेदुखी-भगंदरासारखे उपद्रव आणि जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या, या बाबी मिळवायच्या. प्रत्येक बाबीला ठरलेल्या आकड्याने गुणायचे आणि बेरीज करायची. १५० च्या खाली रोग शांत, ४५० च्या वर फार तीव्र.

एक उदाहरण मांडून पाहू. रोज चार वेळा पातळ होते. सात दिवसांचे २८, दुपटीने ५६. पोट रोज मध्यम दुखते, म्हणजे रोजचे दोन गुण; सात दिवसांचे १४, पाचपट केले की ७०. तब्येत जराशी नरम, रोजचा एक गुण. सात दिवसांचे सात, सातपट केले की ४९. झाले १७५. अजून वजनकाट्यावर उभे केलेले नाही, रक्त घेतलेले नाही, तोच रोगी शांत वर्गाच्या बाहेर गेला. १९८० साली ब्रिस्टलच्या हार्वे आणि ब्रॅडशॉ यांनी हे किचकट गणित सोपे केले. एकाच दिवसाची हकीकत, पाच प्रश्न, नुसती बेरीज. गर्दीच्या दवाखान्यात ते बरे पडते.

या गुणपत्रिकेला मी नावे ठेवणार नाही. पन्नास वर्षे जगभरची औषधे तिच्यावर पारखली गेली. पण इतिहासाच्या अध्यापकाला एक खोड असते; कागद हाती आला की तो विचारतो, हा लिहिला कोणी आणि कशावरून? ही पट्टी आखताना खरेखोटे पडताळायला आधार घेतला होता डॉक्टराच्या मताचा. रोगी फार चांगला आहे, बरा आहे, की वाईट आहे, असे डॉक्टराने सांगायचे आणि त्या उत्तराशी आकडे जुळवायचे. आतड्यात डोकावून कोणी पाहिले नव्हते.

शिवाय माणसामाणसांत फरक. एखाद्याला जरा कळ आली की तो आळी गोळा करतो. आणि आपल्याकडच्या कितीतरी बाया मरणाची कळ सोसत चुलीपुढे बसून ‘काही नाही, जरा वात धरलाय’ म्हणतात. दोघांचे आतडे सारखे असले तरी गुण सारखे कसे पडावेत? उलट, नुसते नाजूक पोट असलेल्या माणसाला, आतडे आतून स्वच्छ असताना, याच पट्टीने १५० च्या वर गुण मिळू शकतात.

आता आतड्यात उजेड कसा शिरला ते पाहू. या गोष्टीत एक भारतीय आहे. पंजाबातील मोगा गावी जन्मलेले नरिंदरसिंग कपानी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात हॉपकिन्स यांच्या हाताखाली संशोधन करीत होते. काचेच्या केसासारख्या बारीक तंतूंची जुडी बांधली तर एका टोकाचे चित्र दुसऱ्या टोकाला, जुडी वाकवली तरी, दिसू शकते, हे त्या दोघांनी १९५४ साली प्रसिद्ध केले. अमेरिकेत मिशिगनमध्ये हर्षोविट्झ नावाचे तरुण डॉक्टर होते. त्यांनी तो निबंध वाचला आणि थेट लंडन गाठले. अडचण अशी, की एका तंतूतला उजेड शेजारच्या तंतूत गळून जाई. लॅरी कर्टिस या कॉलेजात शिकणाऱ्या विद्यार्थ्याने प्रत्येक तंतूवर वेगळ्या काचेचे पातळ वेष्टन चढवून ती गळती थांबवली. १९५७ च्या फेब्रुवारीत हर्षोविट्झ यांनी ती लवचीक नळी पहिल्यांदा स्वतःच गिळली. दुसऱ्याच्या घशात घालण्यापूर्वी आपल्या घशात घालून पाहणारा माणूस! मला हा प्रसंग फार आवडतो, म्हणून थोडा रेंगाळलो. पुढे १९६९ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये वुल्फ आणि शिन्या यांनी अशीच लांब नळी मोठ्या आतड्यात शेवटपर्यंत नेऊन दाखवली. आपल्याकडे लोक ज्याला ‘खालून दुर्बीण टाकणे’ म्हणतात ती हीच. तिने संगमापर्यंत आणि थोडे लहान आतड्यातही पाहता येते.

दिसू लागले, पण दिसलेले मोजायचे कसे? फ्रान्समधल्या डॉक्टरांनी १९८९ साली व्रणांना गुण देण्याची रीत बसवली. ती वापरायला अवघड. म्हणून २००४ साली सोपी रीत निघाली. आतड्याचे पाच भाग पाडायचे. प्रत्येकात व्रण केवढे, किती जागेवर व्रण आहेत, किती जागा रोगट आहे आणि वाट अरुंद झाली आहे का, या चार प्रश्नांना शून्य ते तीन गुण द्यायचे. अर्धा सेंटिमीटरपर्यंतचा व्रण लहान, दोन सेंटिमीटरच्या वर फार मोठा. इथे रोगी सोशिक की कुरकुऱ्या, हा प्रश्न उरत नाही.

यानंतर १९९० साल आले, आणि त्या एका वर्षात दोन निबंधांनी जुनी समजूत हलवली. पहिला फ्रान्सचा, मोदिलियानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. ज्यांचा रोग जोरात आहे अशा १४२ जणांना त्यांनी प्रेडनिसोलोन भरपूर मात्रेत दिले. सात आठवड्यांत १३१ जण गुणपत्रिकेवर बरे झाले. शंभरात ९२! कोणीही डॉक्टर खूश व्हावा. मग त्या बऱ्या झालेल्यांना दुर्बीण टाकली. आतडेही शांत झालेले निघाले शंभरात अवघे २९. बाकीचे बरे वाटून घरी जायला निघालेले, आणि आत व्रण तसेच. औषधाने दुखणे मिटवले होते, जखम नव्हे.

दुसरा निबंध बेल्जियमचा, लूव्हेनच्या रुटगर्ट्स यांचा. रोगट भाग कापून धड आतडे जोडले की रोगी ठणठणीत होतो. रुटगर्ट्स यांनी अशा रुग्णांच्या जोडापाशी दुर्बिणीने पाहिले. शस्त्रक्रियेनंतर वर्षाच्या आत शंभरात ७३ जणांच्या जोडालगतच्या आतड्यात रोग पुन्हा उगवला होता. त्रास होत होता फक्त २० जणांना. आणि ज्यांच्या आतड्यात वर्षाच्या आत व्रण जास्त, त्यांनाच पुढे जास्त भोगावे लागले. म्हणजे आतडे आधी सांगत होते, माणसाला मागून कळत होते.

माझ्या भाच्याची कथा इथे सांगणे भाग आहे. त्याला आधी आतड्याचा क्षय समजून सहा महिने औषधे दिली. त्यात कोणाचा दोष काढण्याचे कारण नाही. आपल्या देशात क्षय आणि क्रोनचा रोग नेमके त्याच संगमाशी बसतात, तेच जुलाब, तोच ताप, तेच झिजणे. क्रोनच्या काही रुग्णांना क्षयाच्या औषधांनी थोडे बरेही वाटते आणि घोटाळा वाढतो. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टरांनी २०१७ साली याच मुद्द्यावर प्रकाश टाकला. क्षय असेल तर औषधांनी व्रण भरतात; क्रोनचा रोग असेल तर बरे वाटले तरी व्रण बहुधा भरत नाहीत. म्हणून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण टाकून पाहणे मोलाचे. परदेशात आतडे भरले की नाही हे पाहतात ते औषध लागू पडले का ते कळावे म्हणून. आपल्याकडे त्यावरून रोग कोणता हेदेखील ठरते.

तर भाच्याचा रोग शेवटी कळला, त्याला गोळ्या सुरू झाल्या, तीन आठवड्यांत पोरगा भाकरी मागू लागला. बहिणीने सत्यनारायण घातला. जेवणाच्या पंक्तीत मीही होतो. पुढे गोळ्यांनी तोंड सुजते म्हणून त्याने त्या हळूहळू सोडल्या, तपासणीला जाणे सोडले. ‘मामा, मला काही होत नाही’ असे तो म्हणे, आणि ते खरेच होते. दोन वर्षांनी सुगीच्या दिवसांत त्याचे आतडे तुंबले. फूटभर आतडे कापावे लागले. पुस्तकात ९२ आणि २९ हे आकडे मी वाचले ते त्यानंतर. आधी वाचले असते तर पंक्तीतून उठून त्याला काही सांगितले असते काय? ठाऊक नाही. आनंदाच्या घरात असे बोलायला जीभ रेटत नाही.

पण मग जखम भरवणारे औषध नव्हतेच काय? १९९० नंतर ते आले. दाह पेटता ठेवणारा टीएनएफ नावाचा एक पदार्थ शरीरात असतो. त्याला धरून निकामी करणारे प्रतिपिंड बनवण्यात आले. ॲमस्टरडॅमच्या डॉक्टरांनी १९९५ साली दहा रुग्णांवरचा अनुभव प्रसिद्ध केला, आणि त्यांतल्या बहुतेकांचे व्रण चार आठवड्यांत भरत आलेले दुर्बिणीला दिसले. हे इन्फ्लिक्सिमॅब औषध अमेरिकेत १९९८ साली मान्य झाले. आता ‘आतडे भरले का’ हा प्रश्न विचारण्यात अर्थ आला. उत्तर ‘नाही’ आले तर पुढे करण्यासारखे काही होते. त्याच्या पाठोपाठ धोकाही कळला. हाच टीएनएफ क्षयाचे जंतू कोंडून ठेवण्याच्या कामी येतो. २००१ साली अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्याकडे आलेल्या ७० रुग्णांच्या हकीकती छापून आल्या. या औषधानंतर त्यांना क्षय झाला होता. म्हणून हे औषध सुरू करण्यापूर्वी शरीरात दबून बसलेला क्षय शोधावाच लागतो, आणि आपल्या मुलुखात तर डोळ्यांत तेल घालून.

दर दोन महिन्यांनी दुर्बीण टाकणे कोणाला परवडणार? खर्च आहे, आदल्या दिवशी रेचक पिऊन कोठा धुवायचा आहे, शहराची फेरी आहे. इथे दुधाच्या धंद्यातल्या वाचकांना ओळखीची युक्ती उपयोगी पडली. छुपी दगडी तुम्हाला माहीत आहे. गाईची कास मऊ दिसते, दूध पांढरे स्वच्छ दिसते, पण चकतीवर दुधात औषध मिसळले की ते चिकट, घट्ट होते. दुधात पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात. कासेत दाह आहे हे दूध सांगते. माणसाच्या आतड्यात दाह असला की पांढऱ्या पेशी अशाच मळात उतरतात. त्यांच्यातल्या कॅलप्रोटेक्टिन नावाच्या प्रथिनाचा शोध नॉर्वेत फागरहोल यांनी १९८० साली लावला, आणि १९९२ साली मळातून ते मोजण्याची रीत तिथेच निघाली. डबीतला नमुना दोन-चार दिवस टिकतो. एका ग्रॅममध्ये ५० मायक्रोग्रॅमच्या आत असले तर दाह नाही असे सर्वसाधारणपणे धरतात. मात्र साध्या जंतूंच्या हगवणीने किंवा अंगदुखीच्या काही गोळ्यांनीही हा आकडा चढतो, तेव्हा एका कागदावरून घाबरू नये आणि हुरळूही नये. रक्तातले सीआरपी हेही दाहाची वर्दी देते. १९३० साली ते न्यूमोनियाच्या रुग्णांत सापडले. पण काहींच्या रक्तात रोग जोरात असूनही ते चढत नाही.

या वर्दीवर विसंबून औषध वाढवावे काय, याची परीक्षा २०१७ साली प्रसिद्ध झाली. २४४ रुग्णांचे दोन सारखे गट केले. एका गटात मुख्यतः लक्षणे पाहून औषध वाढवले. दुसऱ्यात लक्षणांबरोबर मळातले आणि रक्तातले आकडेही पाहिले. रोगी ‘बरा आहे’ म्हणाला तरी आकडा चढला की औषध वाढवले. ४८ आठवड्यांनी पहिल्या गटात शंभरात ३० जणांचे आतडे भरलेले निघाले, दुसऱ्यात ४६ जणांचे. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत व्यवहारी धडा आहे. तरी लक्षात घ्या, उत्तम काळजी घेऊनही निम्म्याहून अधिकांचे आतडे वर्षभरात भरले नव्हते.

यातून २०१५ आणि २०२१ साली जगातल्या तज्ज्ञांनी उद्दिष्टे ठरवली: आधी लक्षणे शमवा, मग रक्त-मळाचे आकडे खाली आणा, आणि शेवटी अस्तर भरलेले पाहा. मुलांच्या बाबतीत वाढ नीट होणे हेही उद्दिष्टच. अस्तर भरले तरी भिंतीच्या खोल थरांत दाह असू शकतो. तो ध्वनिलहरींच्या साध्या सोनोग्राफीने पाहता येतो. निरोगी आतड्याची भिंत साधारण तीन मिलिमीटरच्या आत असते. ती जाड दिसली तर आत काही शिजते आहे. खोल थरांपर्यंत सारे भरावे, हे अजून सक्तीचे उद्दिष्ट मानलेले नाही. कारण ते किती जणांना साधेल, याची खात्री व्हायची आहे.

आणि रोग्याच्या शब्दाचे काय? तो रद्द झाला काय? मुळीच नाही. २०२१ च्या उद्दिष्टांत माणसाचे रोजचे जगणे सुधारणे हेही स्पष्ट लिहिले आहे. व्रण भरले आणि माणूस तरीही पोट धरून बसला, तर त्याला ‘तुम्हाला काही झालेले नाही’ म्हणून हाकलणे हा अडाणीपणा. अरुंद झालेला जुना वण दुखवू शकतो, कापलेल्या आतड्यामुळे जुलाब होऊ शकतात. दोन साक्षीदार आहेत. दोघांचेही जबाब घ्यायचे.

माझ्या भाच्याच्या घरी चार गाई आहेत. दुधाच्या हिशेबाच्या वहीत पुढच्या बाजूने लिटर, फॅट आणि पैसे लिहिलेले असतात. शस्त्रक्रियेनंतर आठ महिन्यांनी त्याला दुर्बीण टाकली, तेव्हा तो धडधाकट होता आणि जोडापाशी बारीक व्रण होते. त्या दिवसापासून त्याने वही मागच्या बाजूनेही लिहायला घेतली आहे. परवा मी ती चाळली. एका रकान्यात त्याचे स्वतःचे: किती वेळा झाले, दुखले की नाही, वजन. दुसऱ्यात डबीतल्या नमुन्याचा आकडा, तीन-तीन महिन्यांनी. गेल्या खेपेस पहिल्या रकान्यात ‘काही त्रास नाही’ असे आहे आणि दुसऱ्यात ३८०. डॉक्टरांनी सुईची मात्रा वाढवली आहे. पुढची दुर्बीण दिवाळीनंतर.